सही मुलाची, पाय आईचा

शस्त्रक्रियेला संमती कोणाची लागते आणि ती खरी कधी ठरते, यावरचे हे प्रकरण कोणा एका रुग्णाचे नाही. बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्या सर्जरी वॉर्डांत ज्या गोष्टी पुन्हापुन्हा समोर येतात, त्या एकत्र बांधून ते अभ्यासासाठी रचले आहे. नोंदींचे आकडे अशा रुग्णात सहसा दिसतात तसे ठेवले आहेत.

रुग्ण खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला राहणारी 58 वर्षांची विधवा बाई. वॉर्डात सगळे तिला मावशी म्हणतात, म्हणून इथेही मावशीच. 12 वर्षांपासून मधुमेह, गोळ्या कधी चालू कधी बंद. उसाचे खोडके उजव्या पायाच्या बोटांत घुसले, पण पायाची संवेदना गेलेली असल्याने दोन दिवस कळलेच नाही. मग हळद, मग गावातल्या डॉक्टरांकडे नऊ दिवस ड्रेसिंग. बेळगावातल्या मोठ्या रुग्णालयात आणली तेव्हा दुसरे आणि तिसरे बोट काळे पडलेले, तळव्यातून घाण वासाचा पू आणि सूज घोट्यापर्यंत. एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) 10.8, हिमोग्लोबिन 9.4, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) 1.4. सर्जननी ओला गँगरीन (संसर्गाने पाय कुजणे) असे निदान करून गुडघ्याखालून पाय काढायचे ठरवले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठची वेळ लागली, एक युनिट रक्त तिच्या रक्ताशी जुळवून (क्रॉसमॅच करून) झाले, संमतीपत्र फायलीत लागले.

संध्याकाळची पाळी दोन ते आठ. साडेसहाला स्टाफ नर्सने शस्त्रक्रियेआधीची चेकलिस्ट हातात घेतली. हातातला पट्टा, नाव आणि आयपी नंबर (भरती क्रमांक) जुळवले. दागिने, दात, ॲलर्जी पाहून झाले. ‘संमतीपत्र : आहे / नाही’ या ओळीवर ‘आहे’ला गोल करायला तिला दोन सेकंद लागले असते. बहुतेक ठिकाणी तेवढेच लागतात. तिने आधी प्रश्न विचारला, आणि प्रश्न असा विचारला की त्याला हो-नाही असे उत्तरच देता येऊ नये:

“मावशी, उद्या तुमचं काय करणार आहेत?”

“बोट काढूलालेत न्हवं. काळं पडलंय ते. लेकानं सांगितलंय की.”

“पायाचं ऑपरेशन समजलंय ना?” असे विचारले असते तर मावशी “व्हय” म्हणाल्या असत्या आणि गोल पूर्ण झाला असता. बोट पायाचेच असते.

गैरसमज दोन बाजूंनी शिरला होता, आणि दोन्ही बाजू वेगळ्या सोडवाव्या लागतात. पहिली बाजू भाषेची. सकाळच्या राउंडला समजावून सांगितले ते निवासी डॉक्टरांनी, आणि ते कन्नडमध्ये. कन्नडमध्ये कालु म्हणजे पाय आणि बेरळु म्हणजे बोट. मराठी कानाला ‘काल’ म्हणजे होऊन गेलेला दिवस. मावशींचे कन्नड बाजारापुरते: एष्टु (किती), बेड (नको), आणि समोरचा साहेब बोलत असला की मान हलवत “हौद्री, हौद्री”. सीमाभागात हे ‘हौद्री’ फार फसवे आहे. त्याचा अर्थ ‘कळले’ असा नसतो, ‘ऐकते आहे, बोला’ असा असतो. मराठीतही घोळ आहेच. आपण मांडीपासून नखापर्यंत सगळ्याला पाय म्हणतो, पाऊल दुखले तरी पाय दुखला म्हणतो. त्यामुळे अस्सल मराठीत “पाय काढावा लागेल” म्हटले तरी किती पाय, कुठून, हे ऐकणाऱ्याच्या डोक्यात धूसरच राहते. बेळगावात ही गोष्ट काढली की कोणाची भाषा कोणी बोलायची या वादात शिरायला लोकांना वेळ लागत नाही. वॉर्डात प्रश्न तेवढा मोठा नसतो. बाईला कळले का, एवढाच असतो.

दुसरी बाजू मुलाची. तो कोल्हापूरच्या बाजूला एमआयडीसीत कामाला. त्याला डॉक्टरांचे म्हणणे नीट कळले होते. त्यानेच निवासी डॉक्टरांना आणि दिवसपाळीच्या नर्सला सांगून ठेवले होते की आईला बोटाचेच सांगा, पायाचे कळले तर ती अन्नपाणी सोडेल. आणि संमतीपत्रावर ‘रुग्ण / नातेवाईक’ असा जोड रकाना होता, तिथे त्याने सही केली होती. खाली साक्षीदार म्हणून दिवसपाळीच्या नर्सची सही.

हा जोड रकाना अर्ध्या गोंधळाचे मूळ आहे. शुद्धीवर असलेल्या, विचार करू शकणाऱ्या सज्ञान माणसाच्या शस्त्रक्रियेला संमती त्याचीच लागते. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या 2008 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. तिथे 44 वर्षांची रुग्ण तपासणीच्या लॅप्रोस्कोपीसाठी (दुर्बिणीतून पोट पाहण्यासाठी) भुलीखाली होती, तेवढ्यात आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. रुग्ण काही तासांत शुद्धीवर येणार होती आणि जिवाला तातडीचा धोका नव्हता, म्हणून आईची संमती ग्राह्य धरली गेली नाही. मावशी तर भुलीखालीही नव्हत्या. कॉटवर बसून चहा पीत होत्या.

आता नर्सने काय करायचे? मोह दोन होतात. एक, गप्प बसणे: फाईल पूर्ण आहे, मुलाची इच्छा आहे, सर्जन मोठे आहेत. दुसरा त्याच्या उलट, तिथल्या तिथे “मावशी, बोट नव्हे हो, पाय जाणार” असे सांगून टाकणे. हा दुसरा मोह प्रामाणिकपणाचा वाटतो, म्हणून चांगल्या नर्सला तोच जास्त होतो. पण कोणती शस्त्रक्रिया, का, दुसरा पर्याय काय, धोके काय, हे सांगण्याची जबाबदारी शस्त्रक्रिया करणाऱ्याची आहे. नर्सने अर्धे सांगितले आणि मावशींनी लगेच विचारले की “औषधानं बरं होत न्हाई काय?”, तर त्याचे नेमके उत्तर तिच्याकडे नसते. मग उरते ती नुसती भीती, आणि रात्र सगळी पुढे. म्हणून सांगायचे नाही, आणि खोटेही बोलायचे नाही. तिने जे शब्द वापरले ते जसेच्या तसे उचलण्यासारखे आहेत:

“मावशी, उद्याच्या ऑपरेशनचं डॉक्टर तुमच्याशी स्वतः बोलतील, तुम्हाला कळेल अशा मराठीत. मी त्यांना आत्ता बोलावते. तुम्हाला जे जे विचारायचंय ते मनात धरून ठेवा.”

मावशींनी चेहऱ्याकडे पाहून “का वो सिस्टर, जास्त हाय काय?” असे विचारलेच. त्यावर ती म्हणाली, “विचारलंत ते बरं केलंत. मी अर्धवट सांगणार नाही आणि खोटंही सांगणार नाही. डॉक्टर आले की मी इथंच असेन.” आणि खरोखर पडदा ओढून पाच मिनिटे बसली.

फोन करण्याआधी तिने निरीक्षणे घेतली. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढचा सगळा नैतिक प्रश्न ‘वेळ आहे का’ यावर उभा राहतो. ताप 100.4 फॅरनहाइट, नाडी 98, रक्तदाब 130/80, श्वास मिनिटाला 20, ऑक्सिजन 97 टक्के, पूर्ण शुद्धीवर. सेप्सिस (संसर्ग शरीरभर भिनून अवयव बिघडणे) वॉर्डातच पटकन ओळखण्याच्या तीन खुणा असतात: श्वास 22 किंवा वर, वरचा रक्तदाब 100 किंवा खाली, आणि शुद्धीत फरक. तिन्हींपैकी एकही नव्हती. म्हणजे शस्त्रक्रिया लवकर हवी, पण बोलायला तासभर नक्की आहे. ग्लुकोमीटरवर साखर 224. ही तपासणी संमतीच्या दृष्टीनेही करायची असते. साखर 70 च्या खाली असलेला माणूस गोंधळलेला असू शकतो, त्याच्याशी असे बोलणे मांडूच नये. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाचे इंजेक्शन कधी दिले तेही पाहायचे. इथे दुपारी चारला दिलेले होते, मावशी तरतरीत होत्या. गुंगीत घेतलेली सही ही सही नव्हे.

सहा पन्नासला निवासी डॉक्टरांना फोन. फोनवर “सर, पेशंटला माहीत नाहीये बहुतेक” असे बोलले की समोरचा “बघतो” म्हणतो आणि विषय संपतो. तिने परिस्थिती, पार्श्वभूमी, स्वतःचे निरीक्षण आणि मागणी, या क्रमाने सांगितले:

“सर, बारा नंबर कॉट, उद्या सकाळी गुडघ्याखालून पाय काढण्यासाठी लावलेल्या बाई. त्यांना उद्या बोट काढणार असं वाटतंय, हे त्यांचेच शब्द आहेत. संमतीपत्रावर सही मुलाची आहे, बाईंची नाही. बोलणं कन्नडमध्ये झालं, त्या मराठी बोलतात. त्या शुद्धीवर आहेत, दिवस-ठिकाण-नाव बरोबर सांगतात, साखर 224, बाकी स्थिर. माझ्या मते ही संमती पूर्ण नाही, मी चेकलिस्ट पूर्ण करू शकत नाही. तुम्ही किंवा सरांनी आज रात्री दुभाष्यासह त्यांच्याशी बोलावं, अशी मागणी आहे. किती वाजता याल?”

शेवटचा प्रश्न वेळेचा. तो नसला तर मागणी हवेत राहते.

उत्तर अपेक्षित तेच आले: “मुलाने सही केली आहे ना, चालतं.” तिने आवाज न चढवता तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली आणि जोडले की सकाळी ओटीत (शस्त्रक्रियागृहात) टेबलावर घेतल्यावर हेच विचारले जाईल. ते खरेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2008 च्या शस्त्रक्रिया सुरक्षा चेकलिस्टमध्ये एकूण 19 मुद्दे आहेत आणि भूल देण्यापूर्वीचा अगदी पहिला मुद्दा हाच: रुग्णाने स्वतःची ओळख, जागा, शस्त्रक्रिया आणि संमती याची खात्री दिली का? मावशींनी तिथे “बोट” म्हटले असते. स्पायनलची (कमरेतल्या भुलीची) सुई उघडलेली, रक्त आणलेले, सर्जन हात धुऊन उभे. तिथे थांबणे सगळ्यांनाच महाग पडते, आणि खरे सांगायचे तर तिथे बरेचदा कोणी थांबतच नाही.

दुसऱ्यांदाही “बघू” आले, तेव्हा तिने वॉर्ड इनचार्जना सांगितले. त्यांनी सर्जनना फोन केला. वर जाण्याची ही पायरी भांडण नव्हे, आणि ती चोरूनही करायची नसते. तिने निवासी डॉक्टरांना आधी सांगितले होते: “मी इनचार्जना कळवतेय, सर.” सर्जन सव्वाआठला येतो म्हणाले. सर्जनना हे माहीतच नव्हते. त्यांच्या दृष्टीने समजावणे झाले होते आणि फाईल पूर्ण होती.

मधल्या वेळात मुलगा. त्याला बाहेरच्या बाकावर नेऊन इनचार्ज आणि नर्स दोघी बोलल्या, साधारण दहा मिनिटे. त्याला दटावण्यात अर्थ नव्हता, तो आईला फसवायला निघाला नव्हता. त्याची भीती काय आहे ते आधी विचारले. तो म्हणाला, आई एकटीच शेत बघते, पाय गेला म्हटल्यावर जगायचंच सोडून देईल. मग त्याच्यापुढे तीन गोष्टी ठेवल्या. न सांगता पाय गेला तर शुद्धीवर आल्यावर पांघरूण ती स्वतःच बाजूला करणार, आणि त्या क्षणी शेजारी उभा असेल तो मुलगा. पाय नाही हे मनाने न स्वीकारलेला माणूस रात्री लघवीला म्हणून कॉटवरून उतरतो आणि थेट जमिनीवर, नव्या जखमेवर पडतो. आणि पुढचे सगळे म्हणजे व्यायाम, ड्रेसिंग, साखर, जयपूर फूट, तिच्याच हातापायांनी करायचे आहे. “सांगायचं ओझं तुमच्यावर नाही, ते डॉक्टरांचं काम आहे. तुम्ही फक्त शेजारी बसा.” यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मावशीला, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीला, नंदगडला फोन लावू काय? लावा म्हटले.

दुभाष्या कोण, हे ठरवताना वॉर्डात हमखास चूक होते. जो जवळ आहे आणि दोन्ही भाषा येतात तो चालतो, असे धरले जाते. मुलगा चालत नाही, कारण लपवण्यात त्याचा हेतू गुंतलेला आहे. आया किंवा शेजारच्या कॉटची नातेवाईक चालत नाही, कारण उद्या गावात बातमी जाईल. मराठी येणारी संध्याकाळची नर्स स्वतः करू शकली असती, पण मग मावशींच्या चेहऱ्याकडे बघायला कोणी उरले नसते. मेडिकल वॉर्डच्या रात्रपाळीत निपाणीकडची, मराठी घरातली आणि कन्नड माध्यमात शिकलेली एक स्टाफ नर्स होती, तिला बोलावले. तिला सूचना थोड्याच दिल्या: एकेक वाक्य सांगा, गाळू नका, गोड करू नका, “डॉक्टर म्हणतात की” असे न म्हणता डॉक्टर बोलतील तसेच ‘मी’ वापरून बोला, आणि मावशी पुटपुटतील तेही डॉक्टरांना सांगा.

आठ वाजता पाळी बदलली. अशा गोष्टी गळतात त्या नेमक्या इथेच. ‘संमतीचं थोडं बाकी आहे’ एवढ्यावर हँडओव्हर झाला असता तर रात्रीच्या नर्सने निवासी डॉक्टरांचे “झालंय” हे प्रमाण मानले असते. म्हणून हँडओव्हर कॉटजवळ, फाईल उघडून झाला आणि चेकलिस्टवर संमतीची ओळ मोकळी ठेवून शेजारी लिहिले: “रुग्णाशी बोलणे बाकी. 20.15 वा. सर्जन येणार. त्याआधी ओटीत पाठवू नये.” रात्रीची नर्स केरळची, कन्नड चांगले, मराठी मोडके. तिला हे सगळे कागदावरून स्पष्ट कळले.

हँडओव्हरमध्ये या गडबडीत इन्सुलिनचा डोसही होता, त्यावर चार वाक्ये गरजेची आहेत. आपल्याकडे वॉर्डात मिलिलीटरला 40 युनिटच्या आणि 100 युनिटच्या अशा दोन्ही कुप्या असतात. 40 ची सिरिंज लाल टोपीची, 100 ची केशरी. 100 च्या कुपीतून लाल सिरिंजने 10 च्या रेघेपर्यंत ओढले तर रुग्णाला 25 युनिट जातात. नैतिक पेच सोडवताना रोजची कामे हातातून सुटली तर त्याची किंमतही रुग्णच देतो, म्हणून हा डोस दोघींनी कुपी आणि टोपी दाखवून तपासला.

सव्वाआठला सर्जन आले आणि खुर्ची ओढून बसले. उभ्याने असे बोलणे पाच मिनिटांत संपते, बसून पंधरा मिनिटे चालते, हा अनुभव सर्वांचा आहे. त्यांनी तोंडी बोलण्याआधी मावशींच्याच पायावर हात ठेवला. गुडघ्याखाली सात-आठ बोटे मोजली आणि तिथे आडवी रेघ दाखवली. “इथून खालचा पाय काढायचा. गुडघा राहील असा प्रयत्न आहे.” दुभाष्याने तेच. मग का: बोटांत सुरू झालेले तळव्यात, घोट्याकडे चढले आहे, नुसती बोटे काढली तर जखम भरणार नाही, आठवड्यात पुन्हा कापावे लागेल. दुसरा पर्याय: न काढणे, अँटिबायोटिकवर ठेवणे, त्यात जीव जाण्याचा धोका मोठा. भूल कमरेत इंजेक्शन देऊन. धोके: रक्तस्राव, जखम चिघळणे, हृदयाला ताण. आणि एक मुद्दा जो संमतीपत्रांतून सर्रास राहून जातो: पू गुडघ्यापर्यंत पोचलेला सापडला तर गुडघ्यावरून काढावे लागेल, त्याला तुमचे काय म्हणणे आहे? हे आधी विचारावेच लागते. एका शस्त्रक्रियेला दिलेली संमती दुसरीला आपोआप लागू होत नाही, हेही त्या 2008 च्या निकालात आहे. तिथे सूट फक्त जीव वाचवण्यासाठी थांबणे शक्यच नसेल तेव्हाची.

मावशी काही बोलल्या नाहीत. मुलाकडे बघितले, त्याने मान खाली घातली. मग एवढेच: “मला म्हाईत व्हतं. वास येऊलालाय न्हवं.”

या ठिकाणी घाई करणारे लगेच पेन पुढे करतात. सर्जननी उलट विचारले, की मी काय सांगितले ते तुमच्या शब्दांत सांगा. मावशी म्हणाल्या, “गुडग्याखालनं पाय काढनार. न्हाई काढला तर ईख वर चढंल.” ईख म्हणजे विष. बरोबर. समजले, लक्षात राहिले, पुढे काय होईल ते तोलता आले आणि सांगता आले. निर्णयक्षमता म्हणून इतकेच पाहायचे असते, शाळेची इयत्ता नव्हे. मग त्या म्हणाल्या, रातभर इचार करू दे, बहिणीशी बोलू दे. सर्जन नाखूश होते. त्यांनी थांबण्याचा धोका सांगितला, ताप किंवा नाडी वाढली तर रात्रीच पुन्हा येऊन विचारीन असेही सांगितले, आणि थांबले. ‘हो’ म्हणायला लागणारा वेळ हासुद्धा संमतीचाच भाग आहे. अशा वेळी नर्सचे काम मन वळवण्याचे नसते. बहिणीचा फोन स्पीकरवर लावून देणे, पडदा ओढणे, नऊला अर्धी भाकरी खाल्ली ती वेळ लिहिणे, आणि दर तासाला निरीक्षणे घेणे, एवढे तिच्या हातात असते.

नोंदवहीतली नोंद अशी झाली:

“18.30 : ‘उद्या काय करणार?’ या प्रश्नास रुग्णाचे उत्तर, ‘बोट काढूलालेत न्हवं.’ संमतीपत्रावर मुलाची सही, रुग्णाची सही नाही. 18.40 : ताप 100.4, नाडी 98, श्वास 20, रक्तदाब 130/80, साखर 224, पूर्ण शुद्धीत. 18.50 व 19.05 : निवासी डॉक्टरांना फोनवर कळवले. 19.10 : वॉर्ड इनचार्जना कळवले. 20.15 ते 20.35 : सर्जननी दुभाष्यामार्फत मराठीत माहिती दिली. रुग्णाने स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगितले. निर्णयासाठी वेळ मागितला. तातडीची लक्षणे सर्जननी समजावली.”

यात ‘रुग्ण अडाणी’, ‘मुलाने फसवले’, ‘डॉक्टरांनी दुर्लक्ष केले’ यातला एकही शब्द नाही. वेळ, कोण, काय बोलले, बस. चुकलेला शब्द एका रेघेने खोडून शेजारी सही. व्हाइटनर कधीच नाही.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी ताप 101.4, नाडी 112, श्वास 22, रक्तदाब 108/70, साखर 268. श्वासाची खूण आता लागू झाली. रात्रीच्या नर्सने लगेच कळवले, रक्तातले जंतू तपासायला ब्लड कल्चर घेतले, सलाईन वाढवले, अँटिबायोटिकची वेळ चुकली नाही ना हे पाहिले. निवासी डॉक्टर धावत आले आणि म्हणाले, “आता इमर्जन्सी झाली. मुलाची सही आहेच. घेऊन जाऊ.”

प्रकरणातला सर्वात निसरडा क्षण हा. तातडीत संमतीवाचून शस्त्रक्रिया करता येते हे खरे, पण ते बेशुद्ध, किंवा विचारणे शक्य नसलेल्या रुग्णासाठी. मावशी घामाने भिजलेल्या होत्या, पण जाग्या होत्या, मुलाचे नाव, वार, ठिकाण बरोबर सांगत होत्या. तातडी वाढली म्हणून विचारायचे सोडायचे नसते, विचारायला वेळ कमी मिळतो एवढेच. रात्रीच्या नर्सने फक्त इतकेच म्हटले: “सर, त्या जाग्या आहेत. त्यांनाच विचारू.” सर्जन फोनवर होते, दुभाष्या नर्स पाच मिनिटांत आली. मावशींनी एकच प्रश्न केला, “गुडगा ऱ्हातोय न्हवं?” बघितल्यावरच कळेल, असे प्रामाणिक उत्तर मिळाले. “जिवावर आलं तर वरनं बी काढा. न्हाईतर गुडगा ठेवा.” हेच वाक्य संमतीपत्रावर मराठीत उतरवले गेले.

तीन वाजता मावशींनी स्वतःच्या हाताने देवनागरीत नाव लिहिले. अक्षर वाकडे आले, पण सही त्यांचीच. खाली एक ओळ जोडली: “वरील मजकूर मराठीत वाचून व समजावून सांगितला”, त्याखाली दुभाष्या नर्सची सही, हुद्दा आणि वेळ. साक्षीदार दोन, रात्रीची नर्स आणि मुलगा. आधीचे संमतीपत्र फाडले नाही. त्यावर आडवी रेघ मारून ‘रद्द, नवीन पाहा’ असे लिहून ते फायलीतच ठेवले. नर्सच्या साक्षीचा अर्थही इथे नेमका ठेवायला हवा. सही या व्यक्तीने माझ्यासमोर, जबरदस्तीशिवाय केली, एवढेच ती सांगते. शस्त्रक्रिया समजावली असे ती सांगत नाही. दिवसपाळीच्या नर्सने मुलाच्या सहीला साक्ष दिली तेव्हा तिने खोटे काही लिहिले नव्हते. पण रुग्ण समोर जागी असताना सही दुसऱ्याची का, हा प्रश्न तिने विचारला नाही. घटनेच्या अहवालात तिचे नाव आरोपी म्हणून गेले नाही. अहवालात फॉर्म गेला, त्यातला जोड रकाना गेला.

पायावर खूण सर्जननी साडेतीनला, मावशी जाग्या असताना, मार्करने त्वचेवर केली. ड्रेसिंगवर केलेली खूण ओटीत ड्रेसिंग सोडले की कचऱ्यात जाते. शेवटचे घन अन्न नऊला, पाणी दोनला. साडेचारला टेबलावर घेताना भुलीआधी घन अन्न सहा तास आणि पाणी दोन तास बंद, हे दोन्ही नियम बसत होते. भूलतज्ज्ञांनी विचारले तेव्हा मावशींनी हात गुडघ्याखाली नेऊन दाखवला. गुडघा राहिला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, “सिस्टर, नसलेलं बोट कसं वो खाजतंय?” गेलेल्या अवयवाची जाणीव बहुतेकांना होते, पुष्कळांना त्यात दुखतेही. ते वेड नाही, शिरांचे (मज्जातंतूंचे) काम आहे, औषध आहे, हे त्यांना समजावता आले, कारण बोट कुठे गेले हे त्यांना माहीत होते. उरलेल्या पायाखाली मुलाने मायेने जाड उशी सरकवली होती. पहिल्या एक-दोन दिवसांनंतर ती उशी नडते. गुडघा आणि मांडीचा सांधा वाकलेला आखडतो आणि मग नकली पाय बसत नाही. नर्सने उशी काढली, दिवसातून तीनदा वीस-वीस मिनिटे पालथे झोपायचे, हे आधी मावशींना सांगितले, मग मुलाला. मुलगा उशी हातात धरून उभा होता. मावशी त्याला म्हणाल्या, “ठेव तिकडं. मला पालथं व्हायला हात दे.”